रेघेच्या वरचा खण

गाडी नाही आमच्याकडे. कधीच नव्हती.
गाडीचा रेडिओ तेवढा आहे,
पाच बटणांचा,
त्यातलं तिसरं मुकं.

कारखान्यानं साहेबांची ॲम्बेसिडर
माधवनगर रस्त्याला किलोवर विकली, त्या दिवशी
अण्णांनी हा भंगारातून चाळीस रुपयांना उचलला.
एकोणीस वर्षं त्यांनी ती गाडी चालवली,
सांगली जत, जत सांगली, मध्येच कधी पुणे.
बटण दाबायचं ते साहेब म्हणतील तेव्हा.
लागायचं तेही साहेब म्हणतील ते.

यंदा माळा झाडताना खाली आला.
झाकणाचे चार स्क्रू काढले तर आत
कापसासारखी धूळ, एक वाळलेली गांधीलमाशी,
आणि पत्र्याच्या पट्टीला चिकटून
टोप्या घातलेले दोन ट्रान्झिस्टर.
एसी एकशे अठ्ठावीस. जर्मेनियम.
मीटर लावला.
एक जिवंत. एक शॉर्ट.
आणि जिवंत होता तोही गरम झाला की गळणारा.

कपॅसिटर लगेच मिळाले, विश्रामबागेत,
एलईडी बल्ब दुरुस्त करणाऱ्या पोराकडे.
जुन्यांच्या जागी बसवले तर
थोरल्याचा सदरा घातलेल्या धाकट्यासारखे दिसले.
ट्रान्झिस्टरचा नंबर ऐकून तो हसला,
"मॅडम, हा माझ्या जन्माआधीचा."
मिरजेत एकानं सिलिकॉनचा पुढं केला,
"चालतंय की. कुणाला कळतंय?"
कळतं.
सिलिकॉनला ओरडून उठवावं लागतं.
जर्मेनियम कुजबुजलेलंही ऐकतो.

गणपती पेठेतल्या एका बोळात, पाटी नसलेलं दुकान,
पायगोंडा मगदूम यांचं.
भिंतभर लाकडी खण,
आणि खणांवरून, माझ्या गळ्याइतक्या उंचीवर,
तपकिरी रेघ, एकोणीसच्या पुराची.
"काय पायजे?"
सांगितलं.
चष्म्यावरून बघत राहिले जरा वेळ.
"रेघंच्या वर असंल तर मिळंल.
खालचं सगळं कृष्णामाईचं."

स्टुलावर चढले. चिठ्ठ्या, आगपेट्या, रबरबँड.
एक मिळाला. एकच.
"जोडीनं लागतंय न्हवं तुला," स्वतःशीच म्हणाले,
आणि खाली उतरून गुडघ्यापाशीचा
एक फुगलेला खण ओढायला लागले.
निघेना. स्क्रूड्रायव्हर घातला, लाथ घातली.
आत गाळ, गुळाच्या ढेपेसारखा वाळलेला,
त्यातून तीन तारा वर आलेल्या.

त्यांनी तो हातोडीनं फोडला, बदाम फोडावा तसा.
तीन निघाले. ब्लेडनं पाय खरवडले.
पहिला गेलेला.
दुसरा गेलेला.
तिसऱ्याला काटा नुसता थरथरला,
मग सावकाश वर चढला.
"हाय," म्हणाले. माझ्याकडं न बघता.

"एकसारखी जोडी न्हाई ही.
एक कोरडा, एक बुडालेला. कुरकुर करणार थोडी."
"किती द्यायचे?"
"वरच्याचे तीस.
खालच्याचं काय घेऊ?
त्यो मी गेला म्हणूनच धरला हुता."

रात्री पक्कडीत पाय धरून डाग दिला,
गरमी टोपीपर्यंत जाऊ नये म्हणून.
स्कूटरची बॅटरी. स्वयंपाकघरातलं टेबल.
खिडकीएवढुशी पट्टी पिवळी झाली,
खरखर, खरखर, आणि तिच्यामागून
एक बाई हळदीचा भाव सांगायला लागली.

अण्णा काठी टेकत आले.
रेडिओसमोर नाही बसले, जरा उजवीकडं बसले.
डावा हात हवेत गेला,
स्टिअरिंगखालचा गिअर शोधत.
"आवाज बारीक कर," म्हणाले,
"साहेब झोपलेत मागं."

मी मागं पाहिलं.
गव्हाची कोठी. सिलिंडर,
त्यावर वाळत टाकलेलं फडकं.
बारीक केला.
कुरकुर होतीच थोडी, मगदूम म्हणाले होते तशी.

मग बऱ्याच वेळानं,
कवठे महांकाळ मागं पडलं असावं,
अण्णांनी हात लांबवला
आणि आपणहून आवाज वाढवला.